साडेबारा कोयते

युसूफ वडगाव या गावात वर्षाराणीला सगळे ‘पत्रकारीण’ म्हणत. हे नाव तिच्या आईनंच, सरस्वतीबाईनं, गावभर केलेलं. पाण्याच्या टाकीपाशी, पिठाच्या गिरणीत, जिथं चार बाया भेटतील तिथं ती सांगायची, "आमची वर्षी मोबाईलवर बातम्या देती. पार केजचे लोक बघत्यात."

केजचं फारसं कुणी बघत नव्हतं. ‘वडगाव वार्ता’ हे वर्षाराणीचं फेसबुकवरचं पान. त्यावर आठवडी बाजारातले भाव, बंद झालेली एसटी, दवाखान्यात आलेली नवी नर्स असं काहीबाही ती टाकायची. लाईक यायचे ते मावसभावांचे आणि एका खताच्या दुकानदाराचे. हा दुकानदार दिसेल त्याला लाईक द्यायचा, शोकसंदेशसुद्धा सोडायचा नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात सरस्वतीबाई कारखान्यावर असली, की दर संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. हॅलो नाही, बरी आहेस का नाही. पहिलाच प्रश्न, "आज काय टाकलंस?"

आईला स्वतःला वाचता येत नव्हतं. लेकीनं सगळी बातमी फोनवर वाचून दाखवायची, आणि मग आईनं ती कोपीतल्या बायांना आपल्या शब्दांत पुन्हा सांगायची.

वर्षाराणीचं लहानपण याच कोप्यांमध्ये गेलं. उसाच्या पाचटाच्या झोपडीत दिवा लागला की शेजारच्या कोपीतली सत्यभामाकाकू तिला पुढ्यात घेऊन बसायची आणि केसांतली कुसळं वेचत वेणी घालायची. पुढे गावात ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झालं, म्हणून वर्षाराणी मागं राहिली, शिकली, बी.ए. झाली. तिच्या घरात कागदावर सही करणारी ती पहिलीच.

दसऱ्याच्या आधी माजलगावला नवख्या पत्रकारांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. शिकवायला पुण्याचे एक सर आले होते. ते म्हणाले, "वाचणारा बोटानं पडदा सरकवत असतो. पहिल्या ओळीवर ते बोट थांबलं पाहिजे. नाही थांबलं, तर तुमची बातमी मेली." वर्षाराणीला हे इतकं पटलं, की येताना एसटीत ती स्वतःच्या जुन्या बातम्यांवरून बोट फिरवून बघत होती. एकाही ओळीवर ते थांबेना. सर आणखीही एक बोलले होते : तुम्ही ज्याला ओळखत नाही, त्याच्या हातात तुमचं वाक्य काय होऊन पडेल तेही बघा. ते तिनं ऐकलं होतं. पण एसटीत ते काही तिच्यासोबत आलं नाही.

ऊसतोडीला टोळी निघाली त्या सकाळी ती ट्रकपाशी मोबाईल घेऊन उभी राहिली. बातमी खरीच होती. यंदा वसतिगृह सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे शाळा सोडून पोरंही ट्रकमध्ये चढत होती. ट्रकमध्ये तिचे आईवडील होते, सत्यभामाकाकू होती. टोळीचा मुकादम सुग्रीव दोरखंड आवळत होता.

"सुग्रीवमामा, किती निघालेत ओ?"

"साडेबारा कोयते," तो छाती काढून म्हणाला.

आपल्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं की अर्धा. टोळीतला अर्धा कोयता म्हणजे सत्यभामाकाकू. नवरा गेल्यापासून ती अर्ध्यातच मोजली जाई.

धुरळा उडवत ट्रक गेला आणि वर्षाराणी ओट्यावर लिहायला बसली. आधी लिहिलं : ‘वसतिगृह बंद, पोरं ऊसतोडीला.’ बोट फिरवून पाहिलं. थांबलं नाही. मग तिनं लिहिलं : ‘वडगावातून आज साडेबारा कोयते निघाले.’ आता थांबलं, पण अडखळून. पुण्यामुंबईच्या बातम्यांत कोयता म्हणजे दहशत घालणाऱ्या पोरांच्या हातातलं हत्यार, हे तिला ठाऊक होतं. आणि हत्यार कधी साडेबारा नसतं. तिनं ‘साडे’ खोडलं.

‘वडगावातून आज बारा कोयते निघाले. प्रशासनाला पत्ता तरी आहे का?’

खाली वसतिगृहाचं सगळं सविस्तर, खरं. वर ट्रकचा पाठमोरा फोटो, नंबरासकट.

दुपारपर्यंत पानावर जत्रा भरली. आकडा डोळ्यांदेखत चढत होता. लोक काय लिहितायत ते तिनं वाचलंच नाही, फक्त आकडा बघत राहिली. त्यातल्या बहुतेकांनी ‘आणखी पहा’ला हातच लावला नव्हता. कुणीतरी फोटो आणि वरची ओळ तेवढी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली होती.

मग आईचा फोन आला. वर्षाराणी हसतच म्हणाली, "आई, आज काय टाकलं माहितीय का?"

"ऱ्हाऊ दे ते! आमाला नाक्यावर धरलंय गं. समद्यांना खाली उतरवलंय. कुण्या मुडद्यानं मोबाईलवर टाकलंय म्हणं, हत्यारं चाललीत म्हणून. तू पत्रकार हायेस न्हवं? तूच सांग साहेबाला, आमी कोण हाव ते."

 पलीकडून सुग्रीवचा आवाज येत होता.

"कोयते हायेत की साहेब! हे काय, रांगेत हुबे हायेत. हा शहादेव आन् ही सरस्वती, हा झाला एक. मोजा."

कुणीतरी खिदळलं.

"हसतो काय बे? गाठोडी सोडली तशी तोंडं बी फोडू का?" शिपाई खेकसला.

सरस्वतीबाईनं फोन फौजदाराकडे दिला. देताना ती म्हणाली, "माझी लेक हाय साहेब, पत्रकार." आवाजात भीती होती आणि त्या भीतीतही तोरा होता. फौजदारानं स्पीकर लावला.

"मॅडम, ही तुमच्या गावची माणसं ना? ठीक. हे ‘वडगाव वार्ता’ कोण चालवतं?"

"सांग की गं," मागून आई म्हणाली. "तुला तर गावातलं समदं ठावं असतंय."

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तिनं ते शब्द ओठांपर्यंत आणलेही. पण पान काय, नाव काय, आज ना उद्या कळणारच होतं. आणि आई तिकडं उन्हात उभी होती.

"मीच," ती म्हणाली.

 फौजदारानं ओळ मोठ्यानं वाचली, "वडगावातून आज बारा कोयते निघाले."

"साडेबारा, साहेब," सुग्रीवनं लगेच दुरुस्त केलं. हिशेबात चूक त्याला खपत नसे. "ही सत्यभामा अर्धी."

"इथं बाराच लिहिलंय," फौजदार म्हणाला. "अर्धा का खाल्ला, मॅडम?"

उत्तर तिला ठाऊक होतं. 

फौजदारानं खालचा मजकूर वाचला, पोरांकडे पाहिलं आणि ट्रक सोडला. फोन पुन्हा आईकडे आला. सरस्वतीबाई हळू बोलत होती. ती कधीच हळू बोलायची नाही.

"समद्यांची गाठोडी सोडली गं. सत्यभामाचं तर सडकंवर झटकलं. बायामाणसाचं कायबाय असतंय त्यात. गड्यांच्या म्होरं पडलं." मग म्हणाली, "आन् मघा शिवी दिली ती तुला म्हणून न्हवती दिली बग. ठिवते."

पोस्ट काढून टाकणं सोपं होतं. पण काढली, तर ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांना कधीच काही कळणार नव्हतं. दुरुस्त केली, तर फेसबुकवर जिथं जिथं ती गेली होती तिथं दुरुस्त होणार होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कापलेला फोटो परत घेणं मात्र आता कुणाच्याच हातात नव्हतं. दुरुस्तीत प्रत्येकाचं नाव घालायचं तिनं ठरवलं, आणि या वेळी विचारून. कोप्या उभ्या राहिल्यावर तिनं आईला फोन लावला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कुणी नाव सांगितलं, कुणी वर गावाचंही टाक म्हणालं. शेवटी सत्यभामाकाकू.

"काकू, तुमचं नाव टाकू का?"

"कावून?"

"माझं चुकलं काकू. तुम्हाला मोजलं नव्हतं मी."



"लई मोजलं लोकांनी त्या दिशी सडकंवर," सत्यभामाकाकू म्हणाली. "आता नगं मोजूस. ऱ्हाऊ दे मला सुटलेलीच." आणि मग, "जेवलीस का?"



त्या संध्याकाळी तिनं वरची ओळ बदलली : ‘मी इथं बारा कोयते लिहिलं होतं. ते साडेबारा होते. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मला जन्मापासून माहीत आहे. अर्धा मी मुद्दाम गाळला, कारण हत्यार अर्धं नसतं, माणूस अर्धं धरतात. माझ्या ओळीमुळं या माणसांची गाठोडी रस्त्यावर सोडली गेली.’ खाली बारा जोड्यांची नावं. मग : ‘एका बाईंनी नाव देऊ नका म्हणून सांगितलं आहे.’

या ओळीवर फारशी बोटं थांबली नाहीत. एकानं विचारलं, ‘मग हत्यारं सापडली का?’ खताच्या दुकानदारानं लाईक दिला.

सरस्वतीबाईचा फोन अजूनही दर संध्याकाळी येतो. ऊस कसा आहे, थंडी किती पडली, सुग्रीवचा गुडघा कसा धरलाय, सगळं सांगते. वर्षाराणी मोबाईल कानाला लावून वाट बघत राहते. आज काय टाकलंस, एवढं मात्र आई विचारत नाही.