पाळकसाहेबांची शनिवारची फेरी

आमच्या ह्यांना राग येत नसे, आणि त्याचाच मला भयंकर राग येई.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हे अंबरनाथला एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. पत्र्याचं छप्पर, चौदा बाक, आणि शेवटच्या बाकावर दाराशी फॅक्टरीतून रिटायर झालेले एक आजोबा, मंडळीचे ज्येष्ठ पंच. उपदेश लांबला तर ते घड्याळ काढून कानाला लावत, आखूड झाला तर "आज तयारी नव्हती वाटतं" म्हणत.

आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, महिन्याच्या पहिल्या रविवारी. कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवायचं, नाहीतर भोजनाला उठायचं नाही, असा रिवाज. रिवाज चांगलाच आहे, पण आजोबांनी त्याचं हत्यार केलं होतं. ह्यांच्यावर रुसले की ते हाताची घडी घालून बसून राहत. वेदीकडून परतणाऱ्या प्रत्येकाला ते समोर दिसत, आणि अख्ख्या मंडळीला कळे की पाळकाचं काहीतरी चुकलंय. म्हणून आदल्या शनिवारी हे सायकल काढून त्यांच्याकडे जात आणि जे केलंच नव्हतं त्याची माफी मागून येत.

"आज कशाची मागितलीत?" मी विचारी.

"त्यांचं मन दुखावलं त्याची."

"कुणी दुखावलं?"

"ते मी विचारलं नाही."

मी भांडी आपटत बसे. ह्यांना वाटे, घासतेय.

त्या सुमारास बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतली ठाकर आदिवासी बाई आमच्याकडे येऊ लागली. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी. वर्षभर ती कधी पायी, कधी एसटीनं येत राहिली. बाप्तिस्मा झाला. आता तिला पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं होतं आणि "कितवा रविवार?" असं ती मला दर भेटीत विचारी.

आमच्याकडे पेला एकच. पाळक तो प्रत्येकाच्या ओठाला लावी, कड पुसून पुढच्याला देई. त्यातला रस मीच करायची, उल्हासनगरहून आणलेल्या काळ्या मनुका भिजवून. तिचं कळताच आजोबा घरी आले.

"पाळकसाहेब, माणसाला माझा विरोध नाही. हायजिनचा प्रश्न आहे. त्यांना वेगळा ग्लास ठेवा. नाहीतर मी आणि माझ्याबरोबरची सहा घरं उद्यापासून उल्हासनगरला उपासना धरतो."

फॅक्टरीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं कुणाकुणाच्या कपातून चहा प्यायलात, असं मी तोंडावर विचारणार होते. ह्यांनी नुसत्या नजरेनं मला आत पाठवलं.

वेगळ्या ग्लासाला हे नाहीच म्हणाले. पण शनिवारच्या फेरीतून तडजोड घेऊन आले: पेला एकच, फक्त ती बाई सगळ्यांच्या शेवटी येईल. उरलेला रस नेहमीच पाळक संपवतो, तेव्हा तिच्यामागून हे पिणार.

"सगळे बघतील," हे म्हणाले. "दहा उपदेशांत जमणार नाही ते होईल." स्वतःवर खूश होते. मलाही त्या घटकेला ते पटलं, हे कबूल करते.

रविवारी ती माझ्या शेजारी पुढच्या बाकावर बसली. आमचा बाक उठला तशी तीही उठली. एका पंचानं तळहात खाली दाबल्यासारखा करून तिला बसायला सांगितलं. ती बसली. सगळे बाक जाऊन आले, आजोबाही जाऊन आले, मग तिला बोलावलं. ती प्यायली, तिच्यामागून ह्यांनी पेला रिकामा केला. मंडळी फुटली नाही.

बाहेर चपला घालताना ती मला म्हणाली, "पाळकीणबाय, बरा झाला मना शेवटी बोलवला. आधी गेले असते तं माझा उष्टा त्या आज्याला प्यायला लागला असता."

तक्रार नव्हती त्यात. उलट ती माझीच समजूत घालत होती.

जेवताना मी तिचं बोलणं जसंच्या तसं ह्यांना सांगितलं. ह्यांचा हात ताटातच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तिच्या वाडीवर गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"माझं चुकलं," हे म्हणाले.

ती हसली. "तुमी तं सगल्यांचीच माफी मागता, आयकलंय मी."

"या वेळी खरंच चुकलंय. आजोबांची समजूत काढायच्या नादात तुम्हाला न विचारता तुम्हाला शेवटी ठेवलं. पुढच्या महिन्यात तुमच्या बाकाबरोबर उठा."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी नवा लुगडा नेसून आलेली."

पुढच्या शनिवारी हे आजोबांकडे गेले आणि त्याच मऊ आवाजात, ती तिच्या बाकाबरोबरच उठेल, असं त्यांना सांगून आले. विचारलं नाही, सांगितलं. "मग मी उठणार नाही," आजोबा म्हणाले. "बरं, पण मी शनिवारी येत राहीन," हे म्हणाले. आजोबा खरोखरच तीन वर्षं उठले नाहीत. सहा घरांपैकी चार उल्हासनगरला गेली. हे माफी न मागता दर शनिवारी त्यांच्याकडे चहा पिऊन येत राहिले, आणि ती बाई आपल्या बाकाबरोबर उठत राहिली.

आजोबांवरचा माझा राग कधीच विरला. ह्यांच्यावरचाही गेला. पण त्या पंचानं हात दाबला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. भांडी आपटणारी मी, तिचा हात धरून तिला पुढे नेलं नाही. तिला बसलेलं पाहिलं आणि गुपचूप माझ्या पाळीनं पुढे गेले.