वजीरच्या केसपेपरातला कोरा रकाना

“मॅडम, अर्धाच सीसी द्या. तो नुसता मान टाकून पडला पाहिजे, बाकी आम्ही बघतो,” दिग्दर्शक म्हणाला.

मी बॅगेची चेन लावून टाकली. “कुत्रा आठ वर्षांचा आहे. मे महिना आहे. या उन्हात गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि तो उठलाच नाही तर? मी देणार नाही.”

“तीन वाजता ही जागा सोडायचीय. आज शॉट मिळाला नाही तर सिनेमाला शेवटच राहणार नाही.”

“नसेना का. कुत्रा तर राहील.”

दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण चार रात्री झोपला नव्हता आणि माणूस झोपला नाही की दुसऱ्याला झोपवायला निघतो.

मी जालन्यात मस्तगडला राहते. नोकरी मात्र सगळी परतूर तालुक्यात, गुरांची डॉक्टर म्हणून. “बाई बैलाला काय हात लावणार?” असं विचारणाऱ्यांच्याच गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून मी अडलेली वासरं ओढून काढली आहेत. निवृत्तीनंतर हे सिनेमाचं काम चालून आलं. शूटिंगमध्ये प्राणी असला की पशुवैद्य हजर लागतो. रोज त्याचा ताप, नाडी बघायची, केसपेपर भरायचा, सही करायची. मला वाटलं, खुर्चीत बसून चहा प्यायचं काम आहे.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक म्हातारा सुतार हत्यारांची पिशवी आपल्या कुत्र्यापुढे ठेवतो, उपचारासाठी एसटीत बसून जातो आणि परत येतच नाही. कुत्रा त्या थांब्यावर त्याची वाट बघत राहतो. शेवटच्या शॉटमध्ये त्याने पिशवीपाशी पडून रस्त्याकडे बघायचं आणि थिएटरने रडायचं.

त्यासाठी पुण्याहून शिकवलेला लॅब्रॅडोर आणला होता. तो दोन दिवस कूलरपुढे जीभ काढून पडला आणि आला त्या गाडीने परत गेला. मग प्रॉडक्शन मॅनेजर गजाननने वाटूर फाट्यावरून वजीरला आणलं. तांबडा, गावठी, एक कान फाटलेला. मालक हमीदचाचा, फाट्यावर पंक्चरचं दुकान. पहिल्या दिवशी चाचा सोबत आले, तर वजीर प्रत्येक शॉट सोडून कॅमेऱ्यामागे त्यांच्याकडे पळायचा. गजाननने नियमच काढला की मालक सेटवर नको. तेव्हापासून जीप जायची आणि एकट्या वजीरला घेऊन आष्टी रोडवरच्या या पत्र्याच्या थांब्यावर यायची.

आणि इथे वजीर खुशीत होता! एसटी गेली की तो शेपूट हलवत लाइटवाल्याकडे जायचा, तिथून चहाच्या किटलीकडे, तिथून माझ्याकडे. पिशवीकडे ढुंकूनही बघायचा नाही. टेक म्हणजे एका शॉटचा एकेक प्रयत्न. असे बावीस टेक झाले होते.

“मॅडम, कुत्रं रडूनच न्हाई राह्यलं,” गजानन घाम पुसत म्हणाला.

“कुत्रं असं रडत नसतं, गजानन.”

“मंग पब्लिक कशी रडंल?”

इंजेक्शनला नकार दिलाय तर तो लेखी असावा, म्हणून केसपेपर काढला आणि लिहायला टेकवलेलं पेन तिथंच थांबलं.

आमच्या केसपेपरवर ताप आणि नाडीच्याही आधी एक रकाना असतो, हिस्टरीचा. जनावराला तोंड असून बोलता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल आधी मालकाला विचारायचं आणि इथे लिहायचं. काय खातो, कशाला भितो, कधीपासून असं करतो. कॉलेजात पहिल्या वर्षी हेच शिकवतात. नोकरीत कितीतरी नवख्या डॉक्टरांना मी यावरून झापलं होतं. आणि इथे चार दिवसांचे चार केसपेपर, चारही कागदांवर तो रकाना कोरा. कुत्रा ठणठणीत आहे, मग विचारायचं काय, असं म्हणून मीच सोडून दिला होता. मला माझीच लाज वाटली.

“गजानन, जीप पाठव. चाचांना आण.”

“पण नियम...”

“नियम तुझा आहे ना? मोड.”

चाचा आले. हात कोपरापर्यंत काळे, खांद्यावर हत्यारांची कॅनव्हासची थैली. वजीर त्यांच्या पायांत लोळला. मी पेन उघडून विचारलं, “चाचा, तुम्ही दुकान सोडून कुठं गेलात तर हा काय करतो?”

“काय करतो म्हंजे? बसतो. रोज दुपारी जोहरच्या नमाजला जातो न्हाई का मी. ही थैली त्याच्यापुढं ठेवतो, ‘अमानत’ म्हणतो अन् जातो. वापस येईस्तोवर हलत न्हाई.”

“बसतो कसा?”

“थैलीवर हनुवटी टेकून. रस्त्याकडं पाहत ऱ्हातो. इतकी वर्षं झाली, एक पाना गेला न्हाई.”

दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. “अहो चाचा, हाच तर सीन आहे! आधी का नाही सांगितलंत?”

“कोनी इचारलं?”

कोणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांत आधी विचारायचं काम माझं होतं.

मग मी सिनेमाची पिशवी उघडून बघितली. म्हाताऱ्या नटाला वजन नको म्हणून आत वर्तमानपत्रांचे बोळे भरले होते. वजीरने रद्दी कशाला राखावी?

“चला, लगेच घेऊ,” दिग्दर्शक म्हणाला.

“आत्ता वक्त कुठं झाला?” चाचा म्हणाले. “मी झूटमूट गेलो की त्याला बराबर कळतं. मागं मागं येतो. दीड वाजता एसटीत बसतो, आष्टीला नमाज पढतो, त्याच गाडीनं वापस येतो.”

कॅमेरामन कपाळाला हात लावून म्हणाला, “दीड वाजता? डोक्यावरच्या उन्हात कोण शूट करतं?”

“पत्र्याची सावली आहे की,” मी म्हटलं. “आणि कुत्रा तुमच्या घड्याळावर नाही.”

दीड वाजता चाचांनी नटाचा सदरा आणि टोपी घातली. पाठमोरे ते हुबेहूब सुतार दिसत होते. कॅनव्हासची थैली आम्ही तशीच सिनेमाच्या पिशवीत सरकवली. चाचांनी ती वजीरपुढे ठेवली, त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला आणि म्हणाले, “अमानत.” मग मागे न बघता एसटीत चढले.

एसटी गेली. वजीर दोन पावलं तिच्यामागे गेला, थांबला, परत आला. पिशवीभोवती एक फेरी मारून खाली बसला. हनुवटी टेकली. नजर रस्त्यावर.

दूरवर गाडीचा आवाज आला की वजीरचा धड कान उभा राहायचा. गाडी जवळ यायची, ट्रक निघायचा, कान खाली पडायचा. पुन्हा आवाज, पुन्हा कान वर. शेळ्या अगदी अंगावरून गेल्या. गजाननच्या हातातला बिस्किटाचा पुडा खाली पडला आणि बिस्किटं वजीरच्या नाकापुढे घरंगळली. त्याने बघितलंही नाही.

पाऊण तास. नट तोंडावर रुमाल धरून रडत होता. दिग्दर्शक रडत होता. गजानन तर हुंदके देत होता. आणि मलाही रडू आलं. इतक्या वर्षांत किती जनावरं हातावर गेली, तेव्हा डोळे कोरडे ठेवायची सवय झाली होती. पण हा धडधाकट कुत्रा बघून माझा बांध फुटला. त्याला कोणी दुःख दिलं नव्हतं. तो फक्त रोजचं काम करत होता.

एसटी आली. चाचा उतरले. वजीर आधी जागचा हलला नाही. चाचांनी पिशवी उचलली तेव्हा कुठे त्याची ड्यूटी संपली आणि मग त्याने अशी उडी मारली की चाचांची टोपी उडून डांबरावर पडली. कॅमेरामनने कॅमेरा चालूच ठेवला होता.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “ओके! ओके!” तीन वाजायला अजून वेळ होता. मघाशी अर्धा सीसी मागणारा तो पोरगा येऊन चक्क माझ्या पाया पडला. मी म्हटलं, “माझ्या नाही, वजीरच्या पड.” तो तिथेही पडला.

सिनेमा जालन्यातल्या थिएटरला लागला तेव्हा चाचा आणि मी शेजारी बसलो होतो. शेवटचा सीन आला आणि थिएटरभर नाक ओढायचे आवाज सुरू झाले. पुढच्या रांगेतला धिप्पाड माणूस बायकोच्या पदराला डोळे पुसत होता. चाचा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले.

“मॅडम, ये लोग कायको रोरे? मी तर वापस आल्तो ना.”

तेवढ्यात नावं संपली आणि दिग्दर्शकाने मागे राखून ठेवलेला तुकडा पडद्यावर आला. एसटी, चाचा, वजीरची उडी, उडालेली टोपी. रडणारं थिएटर उभं राहून शिट्ट्या मारायला लागलं. चाचाही उठले आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायला लागले.

वजीरचा त्या दिवशीचा केसपेपर मी जपून ठेवलाय. औषधाच्या जागी ‘दिले नाही’ असं लिहिलंय. हिस्टरीचा रकाना भरलेला आहे. ‘मालक गेल्यास वाट पाहतो. मालक येतो.’

आता कोणतंही जनावर समोर आलं की थर्मामीटर बॅगेतच ठेवते आणि आधी मालकाला बसायला खुर्ची देते.