दुसऱ्या गटाची पोरं

माझा हात सोडल्याबरोबर अध्यक्षांनी पाणी मागितलं. प्यायला नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "ओत वं पोरी."

पोरगी माझी होती.

तिनं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, तांब्या उचलला आणि त्यांच्या हातावर पाणी ओतू लागली. त्यांनी एकेक बोट चोळलं. मी आत्ताच धरलेली बोटं. मग वळून म्हणाले, "काही म्हना, गोठ्याचा वास लवकर जात नाही."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

शाळा मानोरा तालुक्यातली. उन्हाळ्याच्या सुटीत नववी-दहावीच्या पोरांना वेगवेगळे कामधंदे दाखवायचे, माणसं भेटवायची, म्हणजे पुढं काय व्हायचं ते त्यांना ठरवता येईल, असा शिबिराचा बेत होता. त्याची आखणी करायला शाळेनं काही पालक बोलावले. एक डॉक्टर, बँकेतले एक साहेब, एक इंजिनिअर. आणि मी, बैलांचा व्यापारी. माझं नाव पोरीनंच वर्गात सांगितलं होतं. "माह्या बाले बोलवा. दात पाहून बैलाचं वय सांगते तो." हेडसरांचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. फोन ठेवला आणि शेजारच्या दलालांना उगाच चहा पाजला.

मी बंजारा तांड्यावरचा. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागं मी. शाळा सहावीत सुटली. बाजारात दुसऱ्यांची जनावरं धरून उभा राहता राहता सौदे शिकलो. आज पार लांबच्या जऊळक्याकडचा माणूसही जोडी विकायची म्हटली की आधी मला विचारतो. माझ्या जिभेला लोक वचकून असतात. राग नाकावर असतो, तेही खरं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. असा माणूस त्या खोलीत किती लहान झाला ते कळावं म्हणून सांगतो.

आदल्या दिवशी मी नवा पांढरा शर्ट आणला. पोरांपुढं काय बोलायचं ते गोठ्यात बैलांसमोर उभं राहून बोलून पाहिलं. बायको दारातून ऐकत होती. म्हणाली, "बैलायले समजलं वाटते. आता पोरायले समजलं म्हंजे झालं."

बैठकीत डॉक्टरांना "या साहेब, बसा" झालं. अध्यक्ष मला म्हणाले, "ये रे, बस तिकडं." ते शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातली काळी जमीन बरीचशी त्यांच्याच घरची. आपल्याकडं बोलणं असंच मोकळं असतं, असं मी मनाला सांगितलं. चहापाणी द्यायला तीन पोरी लावल्या होत्या, तिघीही तांड्यावरच्या, त्यात माझीही. तेही पाहिलं आणि सोडून दिलं.

पोरांना काय सांगणार ते डॉक्टर बोलले, बँकेचे साहेब बोलले. माझी पाळी आली. मी घसा साफ करतो तोच अध्यक्ष म्हणाले, "ते भाषन राहू दे. तुमचा तो दुपट्ट्याखालचा खेळ दाखव साहेबायले."

खेळ. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव ठरतो. बाजूच्याला काही कळत नाही. घेणाऱ्याची इज्जत राहते, विकणाऱ्याचीही. याच अध्यक्षांनी माझ्या दुपट्ट्याखाली हात घालून बैलजोडी नेली होती. तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नव्हतं. तेव्हा पेरणी तोंडावर होती आणि गरज त्यांची होती.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला. त्यांनी हात आत घातला. मी बोटं धरली, साहेबांना समजावून सांगितलं. इंजिनिअरनं मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, माझी कला पाहून राह्यले हे लोक. पोरगी दाराजवळून बघत होती, तिचा चेहरा फुलला होता.

आणि मग ते पाणी.

हात पुसून अध्यक्ष कामाला लागले. आखणी त्यांच्या डोक्यात आधीच झालेली होती. पोरांचे दोन गट. पहिला गट वाशीमला जाणार. दवाखाना, तिथली रक्त तपासायची लॅब, बँक, कॉलेज. दुसरा गट इथंच. वीटभट्टी, गवंडीकाम, बैलबाजार. तांड्यावरची सगळी पोरं दुसऱ्या गटात.

"त्यायले पुढं हेच करायचं हाये," ते म्हणाले. "कायले उगीच सपनं दाखवता?"

हा दुसरा गट मी सांभाळायचा. त्यासाठी मला बोलावलं होतं.

माझ्या पोरीला लॅब पाहायची होती. रक्ताच्या एका थेंबातून आजार कसा कळतो, ते तिला बघायचं होतं. शिबिराचं कानावर आल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. आता ती रिकामे कप गोळा करत होती. तिचा हात टेबलावरच थांबला.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे पोरगी माही हाये. तिले लॅब पाहाची हाये."

"तुही व्हय का हे?" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "मंग आधी सांगाचं ना बाबू. तिले टाकू पयल्या गटात. तू बाकीच्यायले भट्टीवर ने-आन कराले तुही गाडी दे. झालं."

सौदा चांगला होता. माझ्यातला व्यापारी लगेच जागा झाला. आपलं काम होतं ना, बाकीच्यांशी काय करायचं? हो म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात दारातल्या दुसऱ्या दोन पोरी दिसल्या. त्या माझ्या पोरीकडं पाहत होत्या. माझी पोरगी खाली फरशीकडं.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "गट एकच करा! नाही तं आमच्या तांड्यावरचं एकबी पोरगं शिबिराले येनार नाही!"

वाटलं, आता खोली हादरेल.

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. "नाही येत तं नको येऊ. जबरदस्ती हाये का? तेवढीच दगदग कमी." मग हेडसरांकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या सर. दुसरा गट रद्द."

हेडसर चांगला माणूस. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

मी दार आपटून बाहेर आलो. आत कुठंतरी बरं वाटत होतं. ऐकवलं एकदाचं. पोरगी मागून पळत आली.

"बा, हे काय केलं तुमी?"

"इज्जत राखली आपली."

"काहाची इज्जत? त्यायले आमी नकोच होतो. तुमी तं त्यायच्या मनासारखंच केलं."

मी तिथंच उभा राहिलो. शाळेच्या मैदानात ऊन नुसतं पेटलं होतं.

बाजारात दोरी धरणाऱ्या पोरालाही कळतं की ज्याला जनावर नकोच आहे, त्याला जनावर परत नेण्याची धमकी द्यायची नसते. तो खुशीनं वाट मोकळी करून देतो. मला हे कळत नव्हतं? कळत होतं. रागात विसरलो. साऱ्या तांड्याची पोरं मी एका ओरडण्यात बाहेर काढली, तीही त्यांना न विचारता. हात धुतला ती लाज त्यांनी दिलेली होती. ही माझ्याच तोंडातून निघाली होती. ती जास्त जाळत होती.

मग एकेक आठवत गेलं. ऊसतोडीवरून परत आल्यावर वर्गात मास्तर म्हणाले होते, "आले का पाव्हने?" पोरं हसली. मी दप्तर उचललं आणि निघालो ते कायमचा. घरी सगळे म्हणाले, पोरगं मोठं बाणेदार. लग्नाच्या पंगतीत बापाला वेगळं बसवलं, बाप उपाशी उठून आला. तोही बाणेदार. आम्ही उठत आलो, निघत आलो आणि त्यालाच मर्दानगी समजत आलो. आमच्या पाठीमागं ते सावकाश जेवत होते, शिकत होते.

मी पोरीला म्हणालो, "चाल." आणि परत आत गेलो. मघाच्याच खुर्चीवर बसलो. शेजारची खुर्ची ओढून तिला बसवलं. ती अंग चोरून बसली. चहाचा ट्रे तसाच टेबलावर पडून होता.

अध्यक्ष म्हणाले, "आता काहून आला?"

"मघाशी रागात बोललो. आमची सगळी पोरं येतीन. वाशीमले. लॅब पाहाले."

"तेवढी जागा नाही गाडीत."

"माही गाडी हाये. आत्ताच तं मांगितली तुमी."

कोणी हसलं नाही. हेडसरांनी पेन उघडलं आणि अध्यक्षांकडं पाहून परत बंद केलं. अध्यक्ष उठले. "बैठक संपली." सगळे त्यांच्यामागं गेले. आम्ही दोघं शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत बसून राहिलो. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

शिबिर अजून व्हायचं आहे. होकार आलेला नाही. अध्यक्षांनी बाजारात निरोप फिरवलाय की माझ्याकडून कोणी जोडी घेऊ नये, आणि काही गिऱ्हाइकं खरंच नजर चुकवू लागलीत. तांड्यावर मी घरोघर जाऊन आलो. एक म्हातारा म्हणाला, "कायले भांडतं बाबू? उद्या त्यायच्याच वावरात जायाचं हाये आपल्याले." तरी त्याची नात येणार आहे.

पोरीनं त्या हातावर पाणी ओतलं आणि मी हसलो, हे जाणार नाही. ते जावं असं मला वाटतही नाही.

शिबिराच्या सकाळी आम्ही शाळेच्या फाटकात असू. पोरं, त्यांचे आईबाप, मी. सोबत घेतलं नाही तर शाळेच्या गाडीपुढं बसू. हसले तरी बसू, शिव्या दिल्या तरी बसू. मला चिडवून पाहतील, त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. चिडेन. पण जागचा हलणार नाही. आम्ही रागावून निघून जातो, ही त्यांची फार जुनी सोय होती. ती आता बंद.