टेकचे एक्कावन्न उपयोग

अकोल्यात मी इंग्रजीचा क्लास चालवायचो तेव्हाची ही गोष्ट. इतकी वर्षं ती मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

आमच्या समोरच्या इमारतीत दुसरा क्लास निघाला आणि त्यांनी दारावर कापडी फलक लावला: 'टेक या क्रियापदाचे चाळीस उपयोग, एका आठवड्यात.' पोरं त्या काळी अशा आकड्यांवर क्लास बदलायची. पुढच्या रविवारी दुपारी मी शब्दकोश घेऊन बसलो. टेक ऑफ म्हणजे विमानाचं उडणं आणि अंगातला कपडा काढणंही. टेक आफ्टर म्हणजे आईवर किंवा बापावर जाणं. टेक टू म्हणजे लळा लागणं. टेक इन म्हणजे आसरा देणं, समजून घेणं आणि फसवणंही. एवढ्याशा शब्दाच्या पोटात इतकं काही मावतं याचं मला मनापासून कौतुक वाटत होतं. चाळीसपर्यंत पोचलो आणि माझा शब्दकोश संपला.

उरलेले अकरा मी रचले. 'टेक समवन्स वॉटर' म्हणजे एखाद्याचं पाणी जोखणं. 'टेक द कॉर्नर' म्हणजे कोपरा धरून अंग काढून घेणं. आपल्याच मराठीला इंग्रजी सदरा घालून दिला. पन्नास हा आकडा जाहिरातीचा वाटला असता, एक्कावन्न खरा वाटतो, हा हिशेबही मी केला होता. मग रोज दहा-दहा फळ्यावर लिहून दिले आणि पोरांनी वहीत उतरवले. क्लास भरला. परीक्षेत त्या अकरांपैकी एकही कधी आला नाही, त्यामुळे पकडलो गेलो नाही.

पुढे क्लास बंद करून मी नोकरीला लागलो. गेल्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती दर्यापूरच्या पुढे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझ्या क्लासमधली ती वही तिने जपून ठेवली होती आणि आठवीला अजून त्यातूनच शिकवत होती. आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत तिने ती दाखवली, तेव्हा बाकीच्या शाळांनीही मागितली. आता सगळे शिक्षक मिळून तिची पुस्तिका छापणार होते.

"पयल्या पानावर तुमचं नाव टाकून राहिलो सर," ती म्हणाली. "प्रकाशनाले तुमालेच या लागते."

मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस न जाण्याच्या सबबी शोधल्या. शेवटी बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. फोनवर सांगू नका, एवढंच म्हणाली, जाऊन सांगा.

अकोल्याहून बसने दर्यापूर आणि तिथून काळीपिवळी जीपने गाव. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. पोरांना वर्गात बसवून ती बाहेर आली आणि पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो. व्हरांड्यात उभ्या उभ्याच तिला सांगितलं, अकरा उपयोग खोटे आहेत आणि ते मी रचलेले आहेत.

तिने वर्गाचं दार ओढून घेतलं. मग तिने मला जे सांगितलं ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अमरावतीला डी.एड. करत असताना तिच्या सराव पाठात तिने फळ्यावर 'टेक समवन्स वॉटर' लिहिलं होतं. निरीक्षकांनी पाठ मध्येच थांबवला आणि हे कोणत्या देशाचं इंग्रजी, असं विचारलं. सगळा वर्ग हसला.

"मले वाटलं, तुमच्या फळ्यावरून मीच चुकीचं उतरवलं," ती म्हणाली. "तेवढा एक खोडला. बाकीचे पन्नास तुमच्या भरवशावर ठेवले. त्या दिवसापासून आधी कागदावर लिहल्याशिवाय इंग्रजीतलं एक वाक्य माह्या तोंडातून निघत नाई, सर."

मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, पण स्वीकारली नाही. "मले मागून काय फायदा? पोरं आतमधी बसून हायेत. त्यायले सांगा."

आठवीत बावीस पोरं होती. मी फळ्याजवळ उभा राहून सांगितलं. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला.

"पण काहून, सर? चाळीस कमी होते का?"

समोरच्या क्लासपेक्षा जास्त दिसावेत म्हणून, मी म्हटलं. यापेक्षा बरं कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि आजही नाही. त्यावर तिची शेजारीण म्हणाली, "आमच्या फाट्यावर दोन टपऱ्या हायेत. एकानं स्पेशल चहा लिहलं तं दुसऱ्यानं डबल स्पेशल लिहलं. चहा तोच हाय." वर्ग खदखदून हसला. मागे उभी असलेली त्यांची शिक्षिकाही हसली.

खोटे कोणते ते मी सांगायला लागलो तर तिने मला अडवलं. पोरंच शोधतील, म्हणाली. शाळेत एक शब्दकोश होता आणि मी तिच्यासाठी एक मोठा घेऊन गेलो होतो. पोरांनी दोन गट केले आणि पन्नासच्या पन्नास तपासायला घेतले. दोन तास लागले. नऊ खोडले गेले. मग तीच पहिल्या ओळीतली मुलगी मोठा शब्दकोश कडेवर घेतल्यासारखा घेऊन माझ्याकडे आली आणि 'टेक द एअर' हेही तुमचंच का, असं विचारलं. हो, मी म्हटलं, हवा खायला जाणं यावरून रचलं होतं, खोड. ती खोडेना. तिचं बोट पानावर होतं. मोकळ्या हवेत फिरायला जाणं, तिथे स्पष्ट छापलेलं होतं. मी दोनदा वाचलं.

"घ्या," त्यांची शिक्षिका म्हणाली, "खोटं बोलाले गेले अन् त्यातबी एक खरं निघालं."

पुस्तिका निघाली, एकेचाळीस उपयोगांची. पहिल्या पानावर माझ्याऐवजी तपासणाऱ्या बावीस जणांची नावं आहेत. शेवटच्या पानावर बाकीचे दहा कुठून आले ते मी चार ओळींत लिहून दिलं आहे. राहू द्या सर, कशाला आता, असं ती म्हणत होती. मी ऐकलं नाही. ज्या पोरांनी माझ्या फळ्यावरून ते उतरवले ती आता कुठे कुठे शिकवत असतील, त्यांच्यापैकी कुणाच्या हाती ती पुस्तिका पडली तर चूक आपली नव्हती हे त्यांना कळावं.

शनिवारी त्यांची शाळा सकाळची असते. महिन्यातून दोन शनिवार मी पहिल्या बसने निघतो. परवा 'गेट' हे क्रियापद सुरू केलं. फळ्यावर शब्द लिहून वळलो तर पहिल्या ओळीतल्या त्या मुलीने लगेच विचारलं, याचे किती उपयोग हायेत, सर?

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने शब्दकोश पुढ्यात ओढला आणि जी अक्षर शोधायला लागली.