खोटं न लिहिलेलं साल

रंगनाथच्या शेजारणीचा सकाळीच फोन आला. “भाऊ, काका उठंनात हो...” पुंडलिकनगरातलं त्याचं घर माझ्यापासून जवळच, पण त्या दिवशी रस्ता सरेना. पोचलो तेव्हा तो झोपल्यासारखाच दिसत होता. मुलगा पुण्याहून यायचा होता. तोवर मी एकटाच त्याच्याजवळ बसून राहिलो.

रंगनाथ मूळचा देवगाव रंगारीचा. नकाशे काढायला शिकून तो शहरात आला आणि एका वडीलधाऱ्या साहेबांच्या जोडीनं घरांची कामं घेऊ लागला. दारावर दोघांच्या नावांची पाटी होती, खाली ‘आर्किटेक्ट’. तेव्हा असं कुणीही लिहीत असे. मग नोंदणीचा कायदा आला. नोंदणी नसेल त्यानं ते नाव लावायचं नाही. पदवी नसलेल्यांना एक वाट होती, पाच वर्षं हे काम केल्याचं दाखवायचं. रंगनाथचं एक वर्ष कमी पडत होतं. वडील आजारी पडले म्हणून मधलं वर्षभर तो गावीच राहिला होता. “पाच वर्षं सलग लिहून देतो. कोण विचारतंय?” साहेब म्हणाले.

तो माझ्याकडे आला. मी तेव्हा शाळेत नवाच लागलो होतो. घेऊन टाक, मी म्हणालो. तो म्हणाला, “मास्तर, ते साल मी वावरात व्हतो. माझा बाप त्याच सालात गेला. ते पुसून हापिसात कसा बसू?”

पाटीवरचं आपलं नाव त्यानं स्वतःच रंग लावून झाकलं. पुढं जन्मभर नकाशे काढत राहिला, पण त्यांवर सही दुसऱ्याची असे. सुमनवहिनींना ते कधीच पचलं नाही. “एका सालापायी जन्माचं नाव घालवलं यांनी,” त्या त्याच्यादेखत मला सांगायच्या. तो खाली बघत जेवत राहायचा.

वहिनी गेल्यावर एकदा आम्ही हर्सूलच्या तलावावर गेलो होतो. पाण्याकडं बघत तो अचानक म्हणाला, “तिला शेवटी पटलं व्हतं का नाय... इचारायचंच राह्यलं बघ.” आम्ही तसेच परतलो.

माझ्या घराचा नकाशा त्यानंच काढला. व्हरांड्यात दोघं ऐसपैस बसतील एवढा दगडी कट्टा दाखवला होता. मी लग्न केलं नव्हतं. “एकट्या माणसाला एवढा लांब कट्टा कशाला रे?” मी विचारलं. “मी येईन की,” तो म्हणाला. आणि गुडघे चालत होते तोवर येत राहिला. खांबाकडची बाजू त्याची असायची.

हल्ली संध्याकाळी चहा घेऊन मी तिथं बसतो. सगळा कट्टा मोकळाच असतो, पण सरकून मधोमध बसायला अजून जमत नाही.