हॉटेलातली पंगत

बाभुळगावच्या आसपास लग्न असो की तेरवी, भगवानरावांच्या हुकमाशिवाय पंगत हलत नाही. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, अन् शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा सरपंच मधेच उठले, तर भगवानरावांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं होतं. माणूस असा तापट, पण पोटात माया. ती सगळी चौथीतल्या अंकुरवर आणि दुसरीतल्या अर्पितावर, म्हणजे नातवंडांवर, सांडलेली.

आणि नेमकी तीच पोरं यवतमाळला न्यायची गोष्ट इवायांनी काढली. इवाई म्हणजे सुनेचे वडील, किसनराव. बायको गेल्यापासून मोठ्या घरात एकटेच, साहेबी थाटात राहणारे. खेड्यात पोरं रानटी होतात, शाळेसाठी माझ्याकडे ठेवा, असा त्यांनी धोशाच लावला. चार लोकांत कशी वागतात ते पाहू, मग ठरवू, म्हणून एका रविवारी त्यांनी सगळ्यांना यवतमाळच्या झकपक हॉटेलात बोलावलं. सून आधीच माहेरच्या बाजूनं कललेली. भगवानरावांची झोप उडाली. त्यांनी पोरांना बजावून बजावून सांगितलं, गावच्या पंगतीत वागता ना, अगदी तस्सं वागायचं. माती खाल्ली ती इथंच!

पोरांनी दारातच चपला काढल्या आणि खुर्चीवर मांडी घातली. इथवर ठीक. जेवण आलं, तर दोघं हात बांधून बसली. किसनराव म्हणाले, सुरू करा. अर्पितानं पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांचं अजून आलं नव्हतं. त्यांचं येईस्तोवर तिसऱ्या टेबलावर नवे लोक येऊन बसले. पनीर थिजलं, रोट्यांचं चामडं झालं. अंकुरला काही राहवेना. त्यानं आपल्या डाळीचा डोंगा उचलला आणि अनोळखी लोकांना आग्रह करकरून वाढत सुटला. एक बाई नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरत होत्या, तर पठ्ठ्यानं बोटांच्या फटीतून वाढलं. किसनरावांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

कशीबशी जेवायला सुरुवात झाली, तोच पलीकडच्या टेबलावरचे एक कोटवाले साहेब जेवण आटोपून उठले. अर्पितानं जागेवरूनच त्यांना हटकलं.

"बसा नं जी. लोकं अजून जेवून राह्यले."

बिचारे बसले की हो! हॉटेलभर हशा पिकला.

झालं, गेली पोरं हातची, असं भगवानरावांच्या मनानं घेतलं. ताट अर्धं टाकून ते तडक बेसिनकडे गेले आणि हात धुता धुता डोळ्यांवरही पाणी मारून घेतलं. सून तर शरमेनं केव्हाच बाहेर जाऊन उभी राहिली होती.

किसनरावांना कवळी. त्यांचं जेवण नेहमीच लांबायचं आणि शेवटी ताटावर ते एकटेच उरायचे. घरी असो की कुणाच्या लग्नात, त्याची त्यांना सवयच झाली होती. आताही त्यांनी मान वर केली ती टेबल रिकामं असणार असं धरूनच. पाहतात तर समोर दोघं पोरं. ताटं चाटून पुसून साफ, उजवे हात वाळून कोरडे, आणि अर्पिता तर पेंगतेय. त्यांनी दोघांना उठायला सांगितलं.

"कायले?" अंकुर म्हणाला. "तुमचं होऊ द्या नं, नानाजी. आम्ही हावो."

किसनरावांचा घास तोंडातच राहिला. भगवानराव येऊन टेबलाशी उभे राहिले, तेव्हा ते आपली साहेबी भाषा विसरून म्हणाले, "इवाई, पोरं तुमच्यापाशीच राहू द्या. दर रविवारी मीच येत जाईन जेवाले."

भगवानरावांना गहिवरून आलं. आता दोन शब्द बोलावेत म्हणून ते तोंड उघडणार, तेवढ्यात अर्पिताची नजर त्यांच्या ओल्या हातांवर गेली. तिची झोप उडाली.

"आबाजी, नानाजी जेवूनच राह्यले, अन् तुमी काहून उठले?"

सरपंचाला खांद्याला धरून बसवणारे भगवानराव निमूट खुर्चीवर बसले आणि त्यांनी आपलं अर्धं राहिलेलं ताट पुढं ओढलं.