जळालेला माळ आणि आप्पांची छत्री

लोक उन्हाळ्यात वडिलांना थंड हवेच्या ठिकाणी नेतात. माझे वडील, आप्पा, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांना सोनपेठजवळचा वणव्यात जळालेला माळ बघायचा होता. "आता फुटवे येत असतील," एवढंच कारण. तुम्हाला जायचं असेल तर परभणीहून पहिली एसटी धरा. आमची चुकली, कारण आप्पांना छत्री सापडेना.

सोनपेठच्या स्टँडसमोर भजी गरम मिळतात, पाणी घरूनच न्या. पुढे जीप, माणशी तीस रुपये. गच्च भरेपर्यंत ती जागची हलत नाही.

माळ काळाकुट्ट होता. पण वाकून बघितलं, तर तरवडाच्या जळक्या खुंटांच्या बुडातून पालवी, बोरीला तांबूस फुटी, करपलेल्या गवताच्या ठोंबांतून हिरवी पाती. तेही पाऊस नसताना! मी फोटो काढते तोच मेंढ्या येऊन ते सगळं खायला लागल्या. आप्पा छत्री उघडून त्यांना आडवे गेले.

"गुरुजी, छत्री मिटा! मेंढरं बुजायलीत," मेंढ्यांमागून आलेली त्यांची मालकीण, केवळबाई, ओरडली.

"पाऊस पडेपर्यंत थांबा, बाई. आत्ता खाल्लं तर मुळांतला जोर संपेल."

"वाळलं गवत समदं जळालं. तवर ह्यांनी काय खावं, तुमची छत्री?"

दोघांचंही खरं, हाच तर वैताग! उन्हात अर्धा तास हेच. तेवढ्यात एक पिल्लू आईच्या आटलेल्या सडांना ढुसण्या द्यायला लागलं. आप्पांनी ते बघितलं आणि छत्री मिटून घेतली.

केवळबाईचाही आवाज उतरला. "टेकाडामागचा तुकडा ठिवते तुमच्यासाठी. पर कुंपण तुमीच घाला."

म्हणजे मी! बोरीच्या काटेरी फांद्या ओढून हात सोलले, सलवार काजळीनं माखली. कुंपण झालं आणि लगेच एक मेंढी फटीतून आत. पुन्हा फांद्या.

घरी येऊन आठवडाभर काटे काढले. तरी डोळ्यांसमोर राहिला तो काळ्या राखेतला ओला, कोवळा हिरवा रंग आणि तो खाणारी ती उपाशी आई.

दिवाळीत केवळबाईचा फोन आला. "गुरुजी, तुमच्या तुकड्यात गवत कमरेला लागलं. आज मेंढरं सोडली."

"आधी बी गळलं होतं का? नाहीतर पुढच्या वर्षी काय उगवणार?"

"त्ये न्हाई बघितलं."

आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागले.